मुलांचा अभ्यास : पडद्यावरची प्रयोगशाळा

मैत्रिणींनो, छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूलहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी नववीत आहे. शाळेत प्रयोगशाळा आहे, पण साहित्य अपुरं आणि मुलं फार, त्यामुळे प्रयोग बाई टेबलावर करून दाखवतात आणि मागच्या बाकावरच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. अशात एक विक्रेता घरी येऊन गेला. टॅबलेटमध्ये 'सगळे प्रयोग सिम्युलेशनसह' भरून देतो, हप्त्यांची सोय आहे, असं म्हणाला. यजमान म्हणतात घेऊन टाकू, पोरीचं वर्ष महत्त्वाचं आहे. सासूबाई म्हणतात, हातात यंत्र दिलं की अभ्यास संपला. 'आता तुम्हीच सांगा, या सिम्युलेशनमध्ये खरंच काही आहे का, की नुसता खेळ?' असं त्या विचारतात.

हा प्रश्न एकट्या हर्सूलचा नाही. नववी-दहावीची मुलं असलेल्या बहुतेक घरांत तो आज ना उद्या येणारच. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी हे प्रकरण आहे तरी काय, ते पाहू. आपण लहानपणी भातुकली खेळलो. चूल खोटी, भात खोटा, पण आधी तांदूळ धुवायचे, मग आधण, मग वैरायचे, हा क्रम मात्र खरा. खेळता खेळता तो अंगात मुरला. सिम्युलेशन ही संगणकावरची भातुकलीच म्हणा ना! पडद्यावर बॅटरी असते, दिवा असतो, तारा असतात. सगळं चित्रातलं. पण त्यामागे निसर्गाचे खरे नियम गणिताच्या रूपात भरलेले असतात. बोटानं तार जोडली की दिवा लागतो, एक दिवा वाढवला की उजेड खऱ्याप्रमाणेच बदलतो. मुलानं काय जोडावं हे आधी ठरलेलं नसतं, ते त्यानं ठरवायचं.

इथेच चलचित्र आणि सिम्युलेशन यांत फरक आहे. पाककृतीचं चलचित्र कितीही पाहिलं तरी पोळी गोल होत नाही, लाटणं हातात घ्यावंच लागतं. पुष्कळ 'डिजिटल अभ्यासक्रमां'त नुसती चलचित्रं असतात आणि नाव मात्र सिम्युलेशनचं. मुलाला आकडे बदलता येतात का, चुकीची जोडणी करून पाहता येते का, एवढं तपासा. येत नसेल तर तो सिनेमा आहे, प्रयोग नव्हे.

ही कल्पना काल-परवाची नाही, बरं का. आपल्या देशात शाळांमध्ये संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न 1984-85 साली झाला. 'क्लास' असं त्या प्रकल्पाचं नाव. सुमारे 250 शाळांना इंग्लंडमध्ये तयार झालेले 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. तेव्हा संगणक म्हणजे कुलपातली वस्तू होती. चपला बाहेर काढून आत जायचं आणि हात लावायला मिळाला तर नशीब. आज तसा, किंबहुना त्याहून कितीतरी शक्तिमान संगणक आपल्या पर्समध्ये असतो आणि आपण त्यावर शुभ सकाळचे निरोप पाठवतो!

पुढे 2002 साली अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन या शास्त्रज्ञांनी 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला. वीमन यांना आदल्याच वर्षी, 2001 साली, भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं होतं. ज्या कामासाठी मिळालं, त्याची मूळ कल्पना आपल्या सत्येंद्रनाथ बोस आणि आइनस्टाइन यांची. एवढा मोठा माणूस शाळा-कॉलेजच्या मुलांना विज्ञान समजावं म्हणून झटतो, हे विशेष. 'फेट'ची सिम्युलेशनं भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र आणि भूगोलातल्या काही विषयांवर आहेत. ती पूर्णपणे मोफत आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मराठीतही आहेत. 'फेट डॉट कोलोराडो डॉट ईडीयू' हा त्यांचा पत्ता.

आपल्याकडेही 'ओलॅब्ज' नावाची ऑनलाइन प्रयोगशाळा आहे. मुंबईची सी-डॅक ही सरकारी संस्था आणि अमृता विद्यापीठ यांनी मिळून ती केली. नववी ते बारावीचे प्रयोग त्यात साहित्य, कृती आणि शेवटी प्रश्न अशा क्रमानं मांडले आहेत. तीही मोफत.

म्हणजे हर्सूलच्या ताई, तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर मिळालं. जे फुकट मिळतं त्यासाठी हप्ते कशाला?

पण मोफत मिळालं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. मुलीच्या हाती फोन दिला आणि आपण स्वयंपाकाला लागलो, तर ती दहा मिनिटं बटणं दाबेल, दिवे लागतील-विझतील आणि शेवटी हाती काहीच लागणार नाही. सासूबाईंची भीती इथे खरी ठरेल. म्हणून एक नियम पाठ करा : आधी अंदाज, मग बोट. कळ दाबण्याआधी काय होईल ते मुलीनं वहीत लिहायचं. का होईल, तेही एका ओळीत लिहायचं. मगच बोट लावायचं. अंदाज बरोबर आला तर आनंद, चुकला तर त्याहून चांगलं, कारण जिथे अंदाज चुकतो तिथेच शिकणं सुरू होतं.

एक नमुना देते. 'फेट'मधलं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन उघडा. 9 व्होल्टची एक बॅटरी आणि 10 ओहम रोध असलेला एक दिवा तारांनी जोडा. दिवा लागेल आणि तारांतून बारीक ठिपके सरकताना दिसतील. हे इलेक्ट्रॉन. आता मुलीला विचारा, 'दिव्याच्या आधी ठिपके जोरात धावतात की दिव्यानंतर?' बहुतेक मुलं म्हणतात, आधी जोरात, कारण दिव्यानं वीज 'खाल्ली'. (खरं सांगा, तुम्हालाही तसंच वाटलं ना?) आता पाहा. दोन्हीकडे वेग सारखाच! दिवा विद्युतधारा खात नाही. तो ऊर्जा घेतो, धारा तेवढीच पुढे जाते. हे वाक्य पुस्तकात दहादा वाचून जे पटत नाही, ते डोळ्यांनी पाहून एका मिनिटात पटतं.

पुढची पायरी. त्याच रांगेत, म्हणजे एकसरीत, तसाच दुसरा दिवा जोडा. आधी अंदाज लिहा. एका दिव्याला धारा 0.9 अँपिअर होती. आता ती निम्मी, 0.45 अँपिअर होते आणि दोन्ही दिवे मंद होतात. मग तेच दोन दिवे समांतर जोडा. आता प्रत्येकातून पुन्हा 0.9 जाते, बॅटरीला मात्र दोघांचे मिळून 1.8 अँपिअर पुरवावे लागतात. आता विचारा, 'आपल्या घरातले दिवे-पंखे कसे जोडले असतील?' एकसरीत असते तर स्वयंपाकघरातला दिवा बंद केल्यावर सासूबाईंचा दूरदर्शन संच बंद पडला असता! म्हणजे घरात समांतर. आणि एकाच बोर्डावर इस्त्री, गीझर आणि मिक्सर एकदम का लावू नये, याचंही उत्तर त्या 1.8 मध्येच आहे. उपकरणं वाढली की मुख्य तारेतून जाणारी धारा वाढते आणि तार तापते.

बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली तर पडद्यावर बॅटरीला आग लागलेली दिसते. मुलांना हे फार आवडतं. हसू द्या त्यांना. पण त्याच वेळी बजावून सांगा, की ही आग चित्रातली आहे. भिंतीतल्या प्लगमध्ये किंवा फोनच्या बॅटरीत असला प्रयोग कधीही, कधीही करायचा नाही.

आता कोणी म्हणेल, पडद्यावर शिकून खऱ्या तारा जोडता येतात का? कोलोराडो विद्यापीठातच याची पारख झाली आणि तिचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या एका गटानं खऱ्या साहित्यावर परिपथ शिकला, दुसऱ्यानं सिम्युलेशनवर. नंतर दोघांनाही खऱ्या तारा आणि दिवे दिले. सिम्युलेशनवाल्यांनी जोडणीही चांगली केली आणि ती का चालते हेही अधिक नीट सांगितलं. कारण सरळ आहे. खऱ्या तारेत धारा दिसत नाही, पडद्यावर ती दिसते. अर्थात ते विद्यार्थी कॉलेजातले होते, त्यांच्यापुढे विचारपूर्वक तयार केलेले प्रश्न होते आणि मदतीला शिक्षक होते. नुसत्या यंत्राचं ते श्रेय नव्हे.

आणि पडदा काही गोष्टी लपवतोही, हे विसरू नका. पडद्यावरची तार कधी सैल होत नाही, सेल उतरत नाही, दिव्याचा तंतू तुटलेला नसतो. खऱ्या प्रयोगात यातलं काहीतरी होतंच आणि ते शोधून काढणं हेच तर विज्ञान. रसायनाचा वास, तापलेल्या परीक्षानळीची धग, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा नीट पसरवताना होणारी तारांबळ, यांतलं काहीही काचेवर मिळत नाही. शिवाय ते ठिपके म्हणजे समजण्यासाठी मोठे करून दाखवलेले इलेक्ट्रॉन. खरे इतके मोठे नसतात आणि तारेत मुंगीच्या पावलांहूनही हळू सरकतात. दिवा मात्र लगेच लागतो, कारण संपूर्ण तारेतले इलेक्ट्रॉन एकदमच हलू लागतात. हेही मुलीला सांगायला हवं.

म्हणून पडद्यावर झालं की त्याच आठवड्यात हातानं करायचं. खर्च अगदी थोडा. विजेरीचे दीड व्होल्टचे दोन सेल, विजेरीचे दोन छोटे दिवे आणि वीतभर तारेचे चार तुकडे, एवढ्यावर वरचा सगळा प्रयोग घरच्या ओट्यावर होतो. (तार थेट सेलच्या दोन टोकांना धरून ठेवू नका, ती तापते.) भिंगाचा धडा असेल तर पडद्यावर वस्तू पुढे-मागे सरकवून प्रतिमा कुठे पडते ते पाहा. मग दुपारी खोली अंधारी करून एकच खिडकी उघडी ठेवा आणि आजोबांचं वाचायचं भिंग समोरच्या भिंतीजवळ धरा. बाहेरचं झाड भिंतीवर उलटं उमटेल. घरातली सगळी मंडळी गोळा होतील, पाहा! फक्त भिंगातून सूर्याकडे कोणी पाहायचं नाही. आम्ल-आम्लारीसाठी तर आपला हळदीचा कागद आहेच. साबणाचं पाणी लागलं की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा.

हर्सूलच्या ताईंना तर मी आणखी एक सुचवीन. 'फेट'मध्ये ऊर्जेचं एक सिम्युलेशन आहे. चाकांच्या फळीवर उभा मुलगा उतारावरून घसरतो. जितक्या उंचावरून सोडावा तितका खाली वेग जास्त, आणि बाजूला स्थितिज ऊर्जा कमी होऊन गतिज ऊर्जा वाढताना खांब दिसतात. हे मुलीला नीट समजलं की एका रविवारी तिला शहरातली पाणचक्की दाखवायला न्या. 18व्या शतकातली ती चक्की. तिच्या नहराला पाणी येई ते हर्सूल नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे तुमच्याच भागातून! मातीच्या नळांतून काही कोस आणलेलं ते पाणी उंचावरून खाली पाडत आणि त्या जोरावर जातं फिरवून दळण दळत. मुलीला तिथे उभं करून विचारा, 'पाणी आणखी उंचावरून पाडलं असतं तर जातं कसं फिरलं असतं?' पडद्यावरचा तो फळीवरचा मुलगा आणि पाणचक्कीचं पाणी हे एकच आहे, हे तिच्या ध्यानात आलं की तो धडा ती जन्मात विसरणार नाही. आपल्या गावातल्या कारागिरांना सूत्र लिहिता येत नसेल कदाचित, पण पाण्याची ताकद त्यांनी अचूक ओळखली होती.

भाषेचंही सांगते. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली निघालं आणि लगेचच त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये काम केलं. विज्ञानाची भाषा सोपी केली की खेड्यातल्या मुलांची प्रगती चांगली होते, असं तिथे दिसून आलं. तीच गोष्ट इथे. शाळा मराठी माध्यमाची असेल तर सिम्युलेशनही मराठीतलंच घ्या. 'रोध', 'धारा', 'विभवांतर' हे शब्द पुस्तकात आणि पडद्यावर सारखे असले की मुलाचं निम्मं ओझं कमी होतं. मराठीत नसेल तर इंग्रजी शब्दांसमोर पुस्तकातले मराठी शब्द एका कागदावर लिहून शेजारी ठेवा.

आता घरातली व्यवस्था. बहुतेक घरांत असा फोन एक किंवा दोन, आणि मागणारे चार. अशा वेळी भावाचा नंबर आधी लागतो आणि बहिणीला 'तू नंतर बघ, आधी भांडी आवर' असं ऐकावं लागतं. मैत्रिणींनो, हे आपल्याच घरात, आपल्याच तोंडून होतं. म्हणून फोनची वेळ ठरवून भिंतीवर लिहून टाका. मुलीला अर्धा तास, मुलाला अर्धा तास, आणि भांडीही दोघांना अर्धी अर्धी! आठवड्यातून दोन बैठका पुरे. फोन बैठकीच्या खोलीतच वापरायचा, त्या वेळात निरोपांचे आवाज बंद ठेवायचे आणि शेजारी वही-पेन्सिल हवीच. वहीत अंदाज लिहिलेला नसेल तर फोन परत. एवढी शिस्त ठेवली की सासूबाईंचीही तक्रार राहणार नाही. उलट एखाद्या दिवशी त्यांनाच 'आजी, तुम्ही अंदाज सांगा' म्हणून बसवा. एका सिम्युलेशनला डेटाही लांबलचक चलचित्रापेक्षा खूप कमी लागतो, आणि संगणक असेल तर ते उतरवून ठेवून इंटरनेटशिवायही चालतं.

आणि तुम्ही स्वतः? आपल्यातल्या कितीतरी जणींचं विज्ञान दहावीलाच सुटलं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला 'मुलींना काय करायचंय सायन्स' असं ऐकवलं गेलं. तुम्हाला उत्तर येत नाही, याची मुळीच लाज बाळगू नका. तुम्हाला शिकवायचं नाहीच. तुम्ही फक्त तीन प्रश्न विचारायचे : 'काय होईल? का होईल? आणि झालं ते वेगळं का झालं?' आईला ठाऊक नाही म्हटल्यावर मुलगी समजावून सांगू लागते, आणि सांगता सांगता तिचंच पक्कं होतं. चार आठवड्यांत तुम्हालाही गोडी लागेल, पाहा.

पण घरच्या घरी भागतंय म्हणून शाळेला मोकळं सोडू नका. पालकसभेत आपण बहुधा मागच्या खुर्चीवर बसून गुणपत्रिका घेऊन येतो. या वेळी दोघी-तिघी मिळून नम्रपणे विचारा, 'प्रयोगशाळेत मुलं स्वतः प्रयोग किती वेळा करतात? शाळेत संगणक आणि पडदा आहे, तर बाई वर्गात सिम्युलेशन दाखवू शकतील का?' प्रत्येक मुलाला वेगळा संगणक लागत नाही. एकच पडदा पुरतो. बाईंनी जोडणी दाखवायची, वर्गानं अंदाज सांगायचा, हात वर करून मोजायचे आणि मग कळ दाबायची. मागच्या बाकावरचीलाही तो दिवा तितकाच दिसतो. मात्र 'आता संगणक आहे, प्रयोगशाळा कशाला' असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाच्या 100 पैकी 20 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. आणि गुण बाजूला ठेवले तरी खरी परीक्षानळी हातात धरण्याचा मुलीचा हक्क आहेच.

शेवटी त्या विक्रेत्याबद्दल. तो परत आला तर दारातच चार प्रश्न विचारा. एक, यात मुलाला स्वतः बदल करता येतात की नुसतं पाहायचं? दोन, राज्य मंडळाच्या मराठी पुस्तकाप्रमाणे आहे का, आणि शब्द मराठी आहेत का? तीन, आठ दिवस वापरून पसंत नाही पडलं तर पैसे परत, हे लिहून देता का? चार, मोफत मिळतं त्याहून यात जास्त काय आहे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही तर पाणी विचारा आणि निरोप द्या. वाचलेल्या हप्त्यांतून विजेरीचे सेल, एक चांगलं भिंग आणि पाणचक्कीची एक सहल सहज होईल.

येत्या रविवारी जेवणं आटोपली की एक बॅटरी, एक दिवा आणि दोन तारा पडद्यावर जोडून पाहा. मात्र आधी वही उघडा. 'आधी अंदाज, मग बोट' हे विसरू नका. काय अंदाज केला होता आणि काय निघालं, ते मला जरूर कळवा. चुकलेले अंदाज आधी कळवा, त्यांची मला जास्त उत्सुकता आहे.